दीड सूर खाली

केनिंग्टन, लंडन
१ फेब्रुवारी १९८३

ऑब्री,

हे तिसरं पत्र. पहिलं मी सभ्यपणे लिहिलं, दुसरं गोडीगुलाबीने. दोन्हींना उत्तर नाही. तेव्हा आता नेहमीच्या आवाजात लिहिते, म्हणजे कोणाचं आहे ते तुला लगेच ओळखू येईल.

सगळं पहिल्यापासून सांगते, कारण आधीची पत्रं तू उघडलीस की त्यांवर मासे साफ केलेस, मला कळायला मार्ग नाही. आपलं 'सोमवारचं धुणं' पुन्हा उभं राहतंय. सव्वीस वर्षांनी. दोन आठवडे नॉटिंगहॅम, मग ब्रॅडफर्ड, आणि मार्चअखेर लंडन. डेप्टफर्डच्या धोबीखान्यातली नॅन ह्या वेळी टॅमसिन नावाची मुलगी करते आहे. तिचा गळा नुकत्याच पुसलेल्या काचेसारखा आहे आणि तिला त्याची काडीची कदर नाही, म्हणजे सगळं जसं असायला हवं तसंच. मी नॅनची आई. म्हातारी मिसेस प्लेज, जिला तू मूळ नाटकात चार वाक्यं आणि एक खोकला दिला होतास.

आमचा दिग्दर्शक जाइल्स. वय तिशीचं, मफलर घरातसुद्धा गळ्यात. त्याला एक कल्पना सुचली आहे, आणि वैताग असा की ती चांगली आहे. पहिल्या अंकाच्या शेवटी, जॅक बोटीवर निघून गेल्यावर, नॅन 'वारा पडलाय' म्हणते ते तसंच राहील. पण दुसऱ्या अंकाच्या शेवटी, नॅन लग्न होऊन गेल्यावर, रिकाम्या अंगणात दोऱ्यांखाली उभी राहून तेच गाणं आई म्हणते. एकटी. एकच कडवं. तालमीत मी ते नुसतं वाचून दाखवलं तेव्हा कोपऱ्यात गळपट्टी टाचत बसलेल्या बाईंनी सुई खाली ठेवली होती.

अडचण पट्टीची आहे. ते गाणं तू माझ्या सत्तावीस वर्षांच्या गळ्यासाठी बांधलंस. घशातली गाठ काढल्यापासून माझ्याकडे वरचे सूर नाहीत, हे तुला कोणीतरी सांगितलं असेलच. मला ते दीड सूर खाली हवंय. बस. इनिड म्हणते, एका दुपारचं काम आहे. हो, तीच इनिड प्रॉसर, आपल्या तालमींना पियानो वाजवायची ती. आता सगळा वाद्यवृंद तिच्या हाताखाली आहे आणि तिचे पाय अजूनही तितकेच दुखतात. पण तुझ्या करारात कलम आहे: संगीतकाराच्या लेखी परवानगीशिवाय कुठल्याही गाण्याची पट्टी बदलायची नाही. निर्माते त्या कलमाला घाबरून आहेत. तुझा एजंट म्हणतो, "मिस्टर लाइल हल्ली कोणालाच उत्तर देत नाहीत," आणि हे तो अशा सुरात सांगतो की जणू तू कुठला संत झाला आहेस.

एक शब्द लिही. 'चालेल'. खाली सही कर. तिकीट चिकटव.

मेविस


लंडन
१३ फेब्रुवारी

ऑब्री,

तुझं कार्ड मिळालं. मासेमारीच्या होडीचं चित्र छान आहे. मागे दोन वाक्यं: 'गाणं आहे त्याच पट्टीत राहील. इथे बदाम फुललेत.'

मी ते इनिडला दाखवलं. तिने चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाली, "बदामांचं कळलं ते बरं झालं." मग आम्ही दोघी कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो आणि चहाबरोबर कस्टर्ड टार्ट खाल्लं. ते मला ह्या नाटकातल्या घट्ट वेशभूषेत परवडण्यासारखं नाही.

तू पोर्तुगालात ऊन खात बसला आहेस म्हणून तुला आठवण करून देते की इथे मी काय करत होते. सगळं नाही, तुझ्या होडीच्या कार्डावर मावेल एवढंच. तू गेलास, त्यानंतर मी दूरदर्शनच्या मालिकेत दारूच्या गुत्त्याची मालकीण झाले. चार वर्षं ग्लास पुसले. मग लेखकांना माझा कंटाळा आला आणि त्यांनी मला गॅसच्या स्फोटात मारलं. अजून लोक रस्त्यात थांबवून विचारतात, "तुम्ही त्या उडालेल्या ना?" मी हो म्हणते. मांजरांच्या खाण्याच्या जाहिरातीत मी मांजर होते, नुसता आवाज. प्रत्येक नाताळात कुठल्या ना कुठल्या थंडगार गावात मुलांच्या नाटकात परीराणी: डार्लिंग्टन, रिल, एकदा तर ग्रिम्सबी, जिथे माझा बाप मासळीच्या धक्क्यावर राबला आणि जिथून मी सोळाव्या वर्षी निघाले ती परत न येण्यासाठी. पहिल्या रांगेत माझी चुलत बहीण बसली होती. नंतर म्हणाली, "आमची मेविस शेवटी घरी आली म्हणायची." ती चांगल्या मनाने म्हणाली, म्हणून मला जास्त लागलं.

लंडनच्या रंगमंचावर मला गाण्यासाठी कोणी बोलावलं त्याला पुष्कळ वर्षं झाली. ह्या वेळी बोलावलं. आणि आडवा कोण यावा तर तू.

तुझ्या त्यानंतरच्या नाटकाबद्दल, 'कंदीलवाल्याची मुलगी'बद्दल, मी एक अक्षर बोलणार नाही, असं ठरवून लिहायला बसले होते. पण तूच बघ. तेव्हा ब्रायटनला सहा आठवडे मी ते नाटक पाठीवर घेऊन फिरले, आणि लंडनला पडदा उघडायच्या आधी तू निर्मात्यांना सांगून मला काढलंस. मला ते मागच्या दरवाज्यावरच्या पहारेकऱ्याकडून कळलं. बिचारा टोपी हातात घेऊन उभा होता. मी तुझी बायको होते, ऑब्री. आदल्या दिवशी मी तुझ्या सदऱ्याला बटण लावलं होतं.

तेव्हा तू काहीच बोलला नाहीस. आता निदान होडीच्या मागे दोन वाक्यं लिहितोस. ही प्रगती म्हणायची.

निर्मात्यांनी क्लॅरिस डूनला विचारलंय. तिचा गळा अजून शाबूत आहे, ती तो फडक्यात गुंडाळून ठेवते. मी मूळ पट्टीत गाऊ शकले नाही तर आईचं काम तिचं. कार्ड नको. पत्र लिही.

मेविस


नॉटिंगहॅम, मिसेस टर्टनच्या घरी
२४ फेब्रुवारी

ऑब्री,

सोमवारी पडदा उघडला. घरमालकीण मिसेस टर्टन पुढच्या रांगेत होत्या आणि त्यांनी सकाळी भाजलेल्या हेरिंग माशाबरोबर मला त्यांचं मत वाढलं. "पहिला अंक गोड आहे हो. शेवटी तुम्हाला काही झालं होतं का? ठसका लागला होता?"

नाही, ठसका लागला नव्हता. मी तुझ्या पट्टीत गायले.

मी करून बघायचं ठरवलं होतं. महिनाभर रोज इनिडबरोबर बसत होते, वाफ घेत होते, मध खात होते, बोलणं बंद केलं होतं. माझं बोलणं बंद म्हणजे काय ते तुला कळेल. तालमीत चार वेळा जमलंही. सोमवारी मी दोऱ्यांखाली उभी राहिले, पहिल्या ओळी बऱ्या गेल्या, आणि शेवटच्या चढावर, तुझा तो लाडका लांब सूर यायच्या आधीच, आवाज फाटला. नुसता घसरला असता तर मी खोकल्याचं सोंग केलं असतं. फाटला. आणि मग लोकांनी काय केलं असेल? टाळ्या वाजवल्या. कडकडून. म्हातारा कुत्रा पायरी चढला की वाजवतात तशा.

टॅमसिन विंगेत रडत होती. मी म्हटलं, "बाई, मी मेले नाहीये." तर ती म्हणाली, "मेविस, मला उद्या असं झालं तर?" तिचंही खरं.

जाइल्सने त्याच क्षणी माझं गाणं कापलं. आता शेवटी मी अंगणात येते, दोरीवरून एक चादर काढते, घडी घालते आणि पडदा. वर्तमानपत्रवाल्यांनी लिहिलंय की शेवट पडतो. पडणारच. तिथे गाणं आहे आणि ते कोणी म्हणत नाहीये.

मंगळवारी तुला फोन लावला. मिसेस टर्टनच्या जिन्याखालून, कोटांच्या आत डोकं खुपसून. तू उचललास. मी म्हटलं, "ऑब्री, मी मेविस." तू म्हणालास, "हॅलो?" मी मोठ्याने म्हटलं. तू म्हणालास, "हॅलो?" मी किंचाळले. तू पुन्हा, "हॅलो?" वरच्या मजल्यावरून मिसेस टर्टन विचारायला आल्या की आग लागली का. आणि तू फोन ठेवून दिलास. 

माझा आवाज ऐकून फोन ठेवणं हे मी समजू शकते. पण आधी तीनदा हॅलो म्हणणं हा निव्वळ दुष्टपणा आहे.

मेविस


नॉटिंगहॅम
१ मार्च

ऑब्री,

ठरलं. ब्रॅडफर्डच्या आठवड्यात क्लॅरिस तालमीला येते. तुझी परवानगी आली नाही तर तिथून पुढे आई तीच. ह्या वेळी मला पहारेकऱ्याने नाही, जाइल्सने स्वतः सांगितलं, समोर बसवून, माझा हात हातात घेऊन. तो तुझ्या निम्म्या वयाचाही नाही आणि त्याला एवढं कळतं.

पुन्हा लिहिणार नाही.

मेविस केटलवेल


ब्रॅडफर्ड
१३ मार्च

ऑब्री,

तू शुक्रवारी सकाळी कोणाला न सांगता गेलास. हॉटेलवाल्याने सांगितलं की साहेब पहिल्या गाडीने गेले. तुझं कानातलं यंत्र पियानोवर राहिलं. ह्या पाकिटात कापसात गुंडाळून पाठवते आहे. ते शिट्टी वाजवतं म्हणून तू काढून ठेवलंस हे मला दिसलं, पण ते काढल्यावर तुला काय काय ऐकू आलं नाही ह्याचा तुला पत्ता नाही. म्हणून लिहिते. तोंडाने सांगायचं तर ब्रॅडफर्डच्या निम्म्या लोकांना पुन्हा सांगावं लागेल.

गुरुवारी तू तालमीत आलास तेव्हा क्लॅरिस चौथ्या रांगेत घशाच्या गोळ्या चघळत बसली होती. जाइल्सला वाटलं तू अग्निशामक खात्याचा तपासनीस आहेस. तो लांब कोट आणि ती कपाळावरची आठी. तो म्हणाला, "साहेब, वाळूच्या बादल्या डाव्या विंगेत आहेत." तू त्याला ओलांडून पुढे आलास आणि सगळ्या नाट्यगृहाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलंस, "पियानोवर कोण आहे?" इनिडने हात वर केला. ती मला नंतर म्हणाली की तिला कोणीतरी शाळेत उभं केल्यासारखं वाटलं.

मला तू ओळखू आलास तो चालण्यावरून. चेहऱ्यावरून नाही.

मी काहीतरी बोलले. तू म्हणालास, "काय?" मी पुन्हा बोलले. तू कानाकडे बोट केलंस. आणि मग मला तो फोन आठवला, ती तीन हॅलो, आणि जिन्याखालच्या कोटांत माझं तोंड गरम झालं होतं ते. मला राग आला, ऑब्री. तुझा आला. बहिरेपणा ही काय लपवायची गोष्ट आहे? एका ओळीत लिहिता आलं असतं: 'मेविस, मला ऐकू येत नाही.' पण नाही. बदाम फुललेत.

पुढचं तुला आठवत असेल, पण ते बाकीच्यांना कसं ऐकू गेलं ते तुला माहीत नाही. तुला वाटत होतं आपण दोघं हळू बोलतोय. तुझा आवाज वरच्या गॅलरीपर्यंत जात होता. तू म्हणालास, "माझ्याकडे आता बाहेरचं काही येत नाही. डोक्यात एक गाणं वाजतं. तुझ्या आवाजात, त्याच पट्टीत. ते तुम्ही खाली ओढलंत की माझ्याकडे काय राहील?"

वादक रंगमंचासमोरच्या खड्ड्यातून माना वर करून बघत होते. क्लॅरिसने गोळी चघळायची थांबवली होती.

मी ओरडून म्हटलं, "ते तुझ्याकडे राहील म्हणून मी घरी बसू का?"

"तू कशाला घरी बसशील?"

"कारण तू मला काढलंस. तेव्हाही आणि आताही."

तू खरोखर गोंधळलास. तो चेहरा मी ओळखते, तू कधीच चांगला नट नव्हतास. म्हणालास, "तेव्हा मी तुला काढलं नाही. तेव्हा मी तुला बाहेर काढलं."

"फरक सांग."

"तुझ्या आवाजात कागद चुरगळल्यासारखं काहीतरी येत होतं. मधल्या सुरांत. कोणाला कळत नव्हतं, मला कळत होतं. तेव्हा माझे कान होते. अजून तीन-चार महिने तू ते नाटक ओढलं असतंस तर गळा गेला असता. म्हणून मी त्यांना सांगितलं, हिला सोडा, हिला विश्रांती द्या."

"त्यांना सांगितलंस. मला?"

तू म्हणालास, "मला वाटलं तुला कळलं असेल. तू विचारलं नाहीस."

मी विचारलं नाही. मागच्या दरवाज्यावर पहारेकरी टोपी घेऊन उभा आहे, भिंतीवरच्या जाहिरातीवर माझ्या नावावर कोरी पट्टी डकवली आहे, आणि मी घरी जाऊन नवऱ्याला विचारायचं, का हो, मला कशासाठी काढलंत? बरं, नाही विचारलं. पण तू एक वाक्य बोलला असतास, ऑब्री. तू ओळीवर ओळ लिहिणारा माणूस. एक. 'तुझा गळा दुखावलाय, थांब.' मी थांबले असते. त्याऐवजी मी काय केलं? त्या हिवाळ्यात दिवसाला दोन प्रयोग घेतले. नंतरच्या उन्हाळ्यात समुद्रकिनाऱ्यावरचे जलसे, वाऱ्यात, ध्वनिक्षेपकाशिवाय. तुला दाखवायचं होतं की मी गाऊ शकते. दाखवत राहिले आणि गाठ आली. तू जे वाचवायला गेलास ते तुझ्यामुळेच गेलं, आणि माझ्यामुळे, आणि आपण दोघं एका घरात राहून एकमेकांशी बोललो नाही त्यामुळे.

हे सगळं मी तिथे ओरडून सांगितलं. त्यातलं तुला किती पोचलं माहीत नाही. पोचलं नसेल तर आता पोचलं.

मग मी पाठ फिरवली आणि काहीतरी पुटपुटले. तू म्हणालास, "काय?" मी म्हटलं, "काही नाही." तुझं यंत्र तेव्हा पियानोवर होतं. मी काय म्हणाले ते इनिडने ऐकलं, आणि तिने तेव्हापासून माझ्याशी त्याबद्दल चकार शब्द काढलेला नाही, फक्त रोज माझ्यासाठी न विचारता चहा आणते. मी म्हणाले होते, "इतकी वर्षं मला वाटत होतं की मी वाईट गायले."

आता तुलाही माहीत झालं. उत्तर देऊ नकोस. तू दिलंस तर त्यात हवामान असेल.

पुढचं मात्र मी तुझ्याच तोंडावर म्हटलं असतं, गाडी पकडायची तुला घाई नसती तर. तू इनिडला उठवलंस आणि स्वतः पियानोवर बसलास. डावा तळवा लाकडावर टेकवलास. दीड सूर खाली घेतलंस, न विचारता, न सांगता, इतक्या पत्रांनंतर, जसं काही तू तेवढ्यासाठीच पोर्तुगालहून आला होतास. जाइल्स माझ्या कानात म्हणाला, "हे लेखी घ्यायला हवं." मी त्याला म्हटलं, "गप्प बस रे."

मी गायले. तू माझ्या तोंडाकडे नाही, गळ्याकडे बघत होतास. शेवटच्या चढाशी आलो तेव्हा तू हात उचललास आणि वाजवणं थांबवलंस. म्हणालास, "इथे तो सूर नको."

तो सूर. ज्याच्यासाठी लोक रांगा लावायचे. ज्याच्यापायी तू करारात कलम घातलंस. 

मी खुणेने विचारलं, मग काय?

"नॅनला वाटतं वारा परत येईल, म्हणून ती सूर धरून ठेवते. ही बाई कशाला धरेल? तिला माहीत आहे. 'वारा पडलाय' म्हण आणि थांब. मागे काही वाजवायचं नाही. इनिड, ऐकलंस का, काही नाही."

इनिड म्हणाली, "मी ऐकलं, तुझं काय?" तुला ते कळलं नाही आणि सगळे वादक हसले. तू वळून रागाने बघितलंस. बरं झालं, नाहीतर मी रडले असते, आणि क्लॅरिससमोर रडण्यापेक्षा मी पुन्हा मांजर झाले असते.

क्लॅरिसचं सांगायला हवं. ती उठली, गोळ्यांची डबी पर्समध्ये टाकली आणि माझ्याजवळ आली. म्हणाली, "मेविस, मला हे काम हवं होतं. पण असं मला गाता येणार नाही. माझा गळा फार चांगला आहे." ती टोमणा मारत होती की खरं बोलत होती ते मी अजून ठरवते आहे.

परवानगीच्या कागदावर तू सही केलीस ती तारखेच्या जागी. जाइल्सने ती चालवून घेतली आहे.

मेविस


लंडन
३० मार्च

ऑब्री,

काल पडदा उघडला. तू येणार नाहीस हे मी गृहीत धरलं होतं, तरी पहिल्या अंकात दोनदा प्रेक्षकांत बघितलं आणि एक वाक्य चुकले. ते तुझ्या खात्यावर.

टॅमसिन फार चांगली गायली. तिने तो लांब सूर असा धरला की गॅलरीतून शिट्ट्या आल्या. मी विंगेत उभी होते. मला हेवा वाटेल असं मला वाटलं होतं. वाटलाच, पण ट्रामच्या थांब्यावर दुसऱ्याची ट्राम आली की वाटतो तेवढा.

मग शेवट. अंगण, दोऱ्या, एक चादर. मी गायले. खालच्या पट्टीत तुझी चाल वेगळीच आहे, हे तुला कोणी सांगितलं नसणार, आणि तुला स्वतःला कळायची आता सोय नाही, म्हणून मलाच सांगणं भाग आहे. वर असताना ती तक्रार होती. खाली ती नुसतं सांगणं आहे. मधल्या ओळीत, जिथे नॅन नेहमी जोर लावते, तिथे मला जोर लावावाच लागला नाही; शब्द आपले आपण जड झाले. तुझं गाणं इथे जास्त चांगलं आहे. हे मी एकदाच लिहिते आहे.

मी 'वारा पडलाय' म्हणाले आणि थांबले. इनिडने हात खाली घेतले.

आणि काहीही झालं नाही. लोक त्या सुराची वाट बघत होते. सगळ्यांना तो पाठ आहे, रेडिओने घोटवून घेतलाय. ते थांबले, मी थांबले. विंगेत जाइल्सने मफलरमध्ये तोंड लपवलेलं मला दिसत होतं. मला वाटलं, संपलं, आता कोणीतरी खोकेल. कोणी खोकलं नाही. मी चादर काढली, घडी घातली, दुसऱ्यांदा घातली, आणि निघाले. मी पार आत गेल्यावर टाळ्या सुरू झाल्या, म्हणजे माझ्या वाट्याला रंगमंचावर एकही आली नाही. हा तुझा नेहमीचा हिशेब.

आजच्या वर्तमानपत्रांतून निवडक: एकाने लिहिलंय, 'मिस केटलवेल यांचा आवाज पूर्वीचा राहिलेला नाही.' दुसऱ्याने लिहिलंय की शेवटी गाणं अर्धवट सोडण्याची दिग्दर्शकाची कल्पना धाडसी आहे. जाइल्सने हे नम्रपणे स्वीकारलं आहे. तू कोणाला काही कळवू नकोस, पोराला थोडे दिवस सुखात राहू दे. निर्माते म्हणतात शरदापर्यंत नक्की चालेल. इनिडने नवीन चपला घेतल्या आहेत.

नंतर मी मागच्या दरवाज्याने बाहेर पडले. मुलंमुली टॅमसिनला घेरून होती. माझ्याकडे एकच बाई आली. माझ्याहून थोडी लहान असेल, डोक्यावर पावसाची प्लॅस्टिकची टोपी, हातात बाजाराची पिशवी. म्हणाली, "मी पहिल्या वेळी बघितलं होतं. आईबरोबर, वर गॅलरीत बसून. तेव्हा तुम्ही फार सुंदर गायलात."

मी आभार मानले.

"आज तेवढं नाही."

मी म्हटलं, "नाही, आज तेवढं नाही." दुसरं काय म्हणणार? दिवसभर उभी होते, पाय दुखत होते, आणि मला वाटलं, हिला घरून निघताना कोणी अडवलं कसं नाही.

ती जायला वळली आणि थांबली. म्हणाली, "तेव्हा मला वाटलं होतं, ते गाणं बोटीबद्दल आहे."

तिने पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली, माझ्या बाहीवरचा एक दोरा काढून टाकला, आणि तिची बस आली.

मेविस